फोनवर 6 अंश, मग वॉशरचं पाणी गोठलं कसं?



थिसिसच्या धावपळीत बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. आज लिहायला बसले त्याचं कारण जरा लाजिरवाणं आहे. थंड पृष्ठभागावर पाणी कधी आणि कसं गोठतं, हा माझ्या संशोधनाचा विषय. चार वर्षं मी त्यातच डोकं घालून बसलेय. आणि या जानेवारीत आमच्याच गाडीच्या वॉशरमधलं पाणी गोठलं. टाकीत ते पाणी भरलं होतं मीच.

झालं असं की मी, आई आणि बाबा नेरूळहून गाडी घेऊन महाबळेश्वरला गेलो होतो. मुक्काम वेण्णा लेकच्या बाजूला होता. परतायच्या आदल्या संध्याकाळी काच लाल धुळीने माखलेली दिसली, म्हणून मी वॉशरची टाकी नळाच्या पाण्याने काठोकाठ भरून टाकली. फोनवर रात्रीचं किमान तापमान 6 अंश दाखवत होतं. म्हणजे गोठण्याचा प्रश्नच नाही, असं मी (होय, मीच) ठरवलं.

सकाळी साडेसहाला निघालो तेव्हा अजून अंधार होता. गाडीच्या टपावर पांढरी साय धरली होती. बाबांनी फडक्याने काच पुसली आणि गाडी काढली. एखाद किलोमीटर गेल्यावर काच परत धुरकट झाली म्हणून त्यांनी वॉशरची दांडी ओढली. मोटरचा घुर्र आवाज आला, पाणी आलं नाही. वायपर मात्र इमानदारीत फिरले आणि उरलंसुरलं हिम आणि लाल माती यांचा छान लेप काचभर पसरला. नेमका तेव्हाच समोरून टेम्पो आला, दिवे अप्परवर. सगळी काच एकदम पांढरी झाली. दोन-तीन सेकंद समोरचं काहीही दिसत नव्हतं. बाबांनी ब्रेक दाबला. टेम्पो निघून गेला तेव्हा आईला बाजूच्या खिडकीतून दिसलं, की आमच्या पुढे चार-पाच हातांवर एक मोटरसायकल चालली होती. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, मागचा दिवा बंद.

ताशी 40 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. तीन सेकंदांत 33 मीटर. हा हिशोब मी नंतर केला. त्या वेळी आम्ही तिघंही गप्प होतो. बऱ्याच वेळाने बाबा म्हणाले, "तुझी पीएचडी नक्की कशात आहे गं?"

तर हा लेख बाबांच्या त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे. तुम्ही म्हणाल, नवी मुंबईत राहणाऱ्याला याचं काय? पण एमएच-43 च्या कितीतरी गाड्या दर हिवाळ्यात महाबळेश्वरला आणि नाशिकला जातात, काही थेट मनालीला आणि लेहलाही पोचतात. आणि त्यातल्या बहुतेकांच्या टाकीत आमच्यासारखंच साधं पाणी असतं.

आधी यंत्र समजून घेऊ

वॉशरची रचना अगदी साधी आहे. बॉनेटखाली प्लॅस्टिकची टाकी, साधारण दोन-चार लिटरची. तिला चिकटलेला छोटा विजेवरचा पंप. तिथून रबराची बारीक नळी वर येते आणि बॉनेटवर किंवा काचेच्या पायथ्याशी असलेल्या नोझलमध्ये संपते. नोझलचं भोक जेमतेम मिलिमीटरभर किंवा त्याहून लहान.

आता बघा, टाकीतलं दोन लिटर पाणी गोठायला खूप उष्णता बाहेर जावी लागते. एका रात्रीत, तेही इंजिनच्या ऊबेजवळ, ते सहसा गोठत नाही. नोझलमध्ये मात्र पाण्याचे दोन-चार थेंबच असतात आणि ते उघड्यावर असतात. म्हणजे गारठा सगळ्यात आधी तिथेच पोचतो. टाकीत पाणी पातळच असतं, पंपही ठणठणीत असतो आणि अडवणूक होते ती शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरमध्ये. म्हणूनच मोटर वाजते, पण पाणी येत नाही.

पण हवा 6 अंशांवर असताना ते दोन-चार थेंब तरी का गोठावेत?

6 अंश, पण कोणाचं तापमान?

फोन किंवा वर्तमानपत्र सांगतं ते हवेचं तापमान. हवामान खात्याच्या केंद्रात ते जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत ठेवलेल्या तापमापकाने मोजतात. पेटी कशासाठी? ऊन आणि उघडं आकाश या दोन्हींपासून तापमापकाला लपवण्यासाठी. उन्हापासून लपवणं समजतं. आकाशापासून का लपवायचं, यातच आपलं उत्तर आहे.

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार उष्णता किरणांच्या रूपात बाहेर टाकत असते. शून्य अंशावरचा एक चौरस मीटर पृष्ठभाग सेकंदाला जास्तीत जास्त 315 जूल, म्हणजे 315 वॅट इतकी उष्णता टाकतो. ढगाळ रात्री ढग जवळपास तेवढीच उष्णता खाली परत पाठवतात, त्यामुळे हिशोब बरोबरीत सुटतो. पण आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर वरून कमी मिळतं, आणि दर चौरस मीटरमागे 60 ते 100 वॅटचा तोटा रात्रभर चालू राहतो. गाडीचं टप आणि बॉनेट म्हणजे आकाशाकडे तोंड करून ठेवलेले पातळ पत्रे. वारा असेल तर आसपासची हवा हा तोटा थोडाफार भरून काढते. वारा पडला की पत्रा हवेपेक्षा कित्येक अंश थंड होतो. म्हणजे हवा 4-5 अंशांवर असताना पत्रा शून्याखाली असू शकतो, आणि त्यावर दव पडायच्या ऐवजी हिमकण जमतात.

दर हिवाळ्यात तुम्ही वेण्णा लेक आणि लिंगमळा परिसरातले फोटो पाहता ना? गाड्यांच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर, गवतावर पांढरा थर. खाली बातमी, 'महाबळेश्वरात पारा शून्यावर'. आणि त्याच दिवशी अधिकृत आकडा मात्र बराच वर. मग लोक भांडतात की खोटं कोण बोलतंय. कोणीच नाही. एक आकडा पेटीतल्या हवेचा आहे, दुसरी गोष्ट पत्र्याची आणि पानाची. शिवाय वेण्णा लेकची जागा खोलगट आहे. थंड हवा जड असते, ती रात्री उतारावरून घरंगळत खाली येते आणि तिथे साठते.

ही गोष्ट आपल्याकडच्या लोकांना विज्ञानाच्या पुस्तकांआधीपासून माहीत होती. रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1775 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला अलाहाबादकडच्या बर्फ करणाऱ्यांची पद्धत कळवली. उथळ खड्ड्यात उसाची वाळलेली चिपाडं पसरायची, त्यावर मातीची पसरट, उथळ भांडी मांडायची, संध्याकाळी त्यात उकळून गार केलेलं पाणी ओतायचं आणि सूर्य उगवायच्या आत बर्फ गोळा करायचा. चिपाडांमुळे जमिनीची ऊब तुटते, वर उघडं आकाश असतं, आणि सच्छिद्र मातीतून बाष्पीभवनही होतं. पुढे 1814 मध्ये विल्यम वेल्स या लंडनच्या डॉक्टरने दवावरच्या आपल्या निबंधात या थंडाव्यामागचं कारण नीट मांडलं. थोडक्यात, माझ्या टाकीत जे चुकून झालं, ते हे कारागीर ठरवून करत होते.

यातलं पुढचं पान पुण्यात लिहिलं गेलं, म्हणून थोडं विषयांतर सहन करा. हवामान खात्यात शेतीच्या हवामानाचा अभ्यास करणारे एल. ए. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी 1932 मध्ये एक विचित्र निरीक्षण प्रसिद्ध केलं. निरभ्र, शांत रात्री सगळ्यात थंड हवा जमिनीला चिकटून असेल असं सगळे धरून चालत. त्यांना ती उघड्या जमिनीच्या काही दहा सेंटिमीटर वर सापडली. कित्येक वर्षं जगातल्या मोठ्या मंडळींना हे पटेना. मापनात चूक असणार, असं म्हणत. 1957 मध्ये रास्के या जर्मन संशोधकाने पुण्यातच मोजमाप करून निरीक्षण खरं असल्याचं दाखवलं. आता त्याला 'रामदास थर' म्हणतात, आणि तो का तयार होतो यावर बंगळूरच्या संशोधकांनी अगदी अलीकडेपर्यंत काम केलंय. हवेतल्या बारीक धूलिकणांचा त्यात हात असल्याचं त्यांचे प्रयोग सांगतात.

आपल्यासाठी यातला धडा एवढाच, की रात्री तापमान हातभर उंचीवरसुद्धा बदलतं. फोनवरचा आकडा म्हणजे गाडीच्या नाकाचं तापमान नव्हे. माझी चूक झाली ती इथे.

शून्याखाली गेलं म्हणजे गोठलंच, असं नाही

आता माझ्या प्रयोगशाळेतली गंमत. स्वच्छ पाणी शून्य अंशाला गोठतंच असं नाही. गोठण्यासाठी बर्फाचा पहिला कण तयार व्हावा लागतो. तो तयार व्हायला काहीतरी निमित्त लागतं: धुळीचा कण, खरबरीत कडा, काही जिवाणूसुद्धा. निमित्त नसेल तर पाणी शून्याखाली जाऊनही पातळच राहतं. अगदी सूक्ष्म आणि शुद्ध थेंब तर उणे 38 अंशांच्या आसपासपर्यंत टिकतात. दही लावताना विरजण नसेल तर दूध नुसतंच पडून राहतं, तसं समजा.

मग आमच्या नोझलला विरजण कुठून मिळालं? माझा अंदाज असा, की ते बाहेरून मिळालं. बॉनेटवर हिमकण जमत होते, तेच नोझलच्या तोंडाशीही जमले. बर्फाचा एक स्फटिक भोकातल्या पाण्याला टेकला की पुढचं काम आपोआप होतं. म्हणून माझा स्वतःचा नियम सोपा आहे: टपावर पांढरं दिसलं की नोझल गोठलेलं धरायचं आणि निघायच्या आधी तपासायचं. आम्ही निघाल्यावर तपासलं.

वाऱ्याबद्दलही एक गैरसमज दूर करते. कोरड्या वस्तूला वारा हवेपेक्षा जास्त थंड करू शकत नाही, फक्त ती लवकर थंड होते. ओल्या वस्तूला मात्र करू शकतो. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणाने. हवा 3 अंश आणि आर्द्रता 30 टक्के असेल, तर ओल्या पृष्ठभागाचं तापमान वाऱ्यात शून्याच्या खाली जातं. लडाख-स्पितीसारख्या कोरड्या भागात चालत्या गाडीच्या काचेवर मारलेलं पाणी डोळ्यांदेखत गोठतं, त्यामागे हे आहे.

चहाच्या टपरीवरचं उकळतं पाणी

परत रस्त्यावर येऊ. थोडं पुढे एक चहाची टपरी नुकतीच उघडली होती, तिथे गाडी थांबवली. टपरीवाल्या काकांनी काच बघितली आणि न विचारता उकळत्या पाण्याचं पातेलं पुढे केलं. बाबा ते काचेवर ओतणारच होते. त्यांना मी अक्षरशः हात धरून थांबवलं.

का? काच तापली की प्रसरण पावते, दर अंशाला साधारण लाखात एक भाग एवढी. पण उकळतं पाणी पडलेला भागच पसरू बघतो, बाजूची थंड काच त्याला पसरू देत नाही, आणि ताण तयार होतो. तापमानात 80 अंशांचा फरक धरला, तर अगदी वाईट परिस्थितीत हा ताण 50 मेगापास्कलच्या घरात जाऊ शकतो. नव्या, निर्दोष काचेला तो झेपेलही. पण पुढच्या काचेला खडीचा टवका उडालेला असतो, कडेला बारीक चरे असतात. तिथे ताण एकवटतो आणि तडा पळत जातो. शिवाय ओतलेलं पाणी खाली ओघळून पुन्हा थंड पत्र्यावरच साठतं.

आम्ही काय केलं ते सांगते. त्याच गरम पाण्यात बाबांचा रुमाल बुडवला, पिळला, आणि काचेला न लावता फक्त नोझलवर दोन-तीन मिनिटं धरला. इंजिन चालू ठेवलं, बॉनेट बंद ठेवलं. काचेवर आतून हीटरची हवा आधी मंद, मग जोरात सोडली. दहा-बारा मिनिटांनी डावं नोझल फुसफुसलं आणि चांगली धार आली.

उजवं मात्र मेलेलंच. ते पाचगणी मागे पडली, ऊन चढलं, तरी चालू झालं नाही. म्हणजे तिथे बर्फ नव्हताच! घरी येऊन पाहिलं तर भोकावर पांढरा, कडक थर. आमच्या सोसायटीत गाड्या धुवायला बोअरवेलचं पाणी वापरतात, आणि मी टाकीतही वर्षभर तेच ओतत होते. मोरबे धरणाचं नळाचं पाणी त्यामानाने मऊ, बोअरवेलचं जड. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. गीझरच्या कॉइलवर बसतात तेच हे. एका नोझलने थंडीत दगा दिला, दुसऱ्याने बहुधा कितीतरी आधी दिला होता, पण दोघांपैकी एक चालत असल्याने आमच्या लक्षातच आलं नाही.

तर ओळखायचं असं. मोटर वाजते, पाणी येत नाही, आणि ऊब दिल्यावर येतं: बर्फ. ऊब देऊनही येत नाही: क्षार किंवा कचरा. मोटरचा आवाजच नाही: पंप गोठलाय किंवा फ्यूज उडालाय. मग दांडी ओढत बसू नका, पंप जळेल. क्षारांवर घरातलं पांढरं व्हिनेगर चालतं. कापसाचा बोळा भिजवून अर्धा तास नोझलवर ठेवा, मग पाण्याने धुवा. भोकात टाचणी फार जोराने खुपसू नका, धारेची दिशा बिघडते आणि पाणी काचेऐवजी टपावर उडतं.

पाण्यात काय मिसळायचं?

गोठू नये म्हणून पाण्यात काहीतरी विरघळवायचं, हे उघड आहे. पण काय आणि किती? इथे अकरावी-बारावीचं रसायनशास्त्र कामी येतं. एक किलो पाण्यात कुठल्याही (आयन न होणाऱ्या) पदार्थाचा एक मोल विरघळला, की गोठणबिंदू 1.86 अंशांनी उतरतो. पदार्थ कोणता याला महत्त्व नाही, रेणूंची संख्या मोजली जाते.

समजा, आपल्याला उणे 5 अंशांपर्यंत सुरक्षित राहायचंय. म्हणजे किलोमागे साधारण 2.7 मोल. साखर घ्यायची तर 920 ग्रॅम लागेल, म्हणजे काचेवर चक्क पाक. आयसोप्रोपिल अल्कोहोल (सॅनिटायझरमध्ये असतं ते) 160 ग्रॅम पुरतं. मिथेनॉल फक्त 86 ग्रॅम. मिथेनॉलचा रेणू हलका, म्हणून कमी वजनात जास्त रेणू मिळतात, आणि ते स्वस्तही असतं. (दाट द्रावणांत हा नियम नीट चालत नाही, त्यामुळे उणे 20 चा हिशोब यावरून करू नका. तिथे बाटलीवरचा तक्ताच वापरा.)

मीठ? गोठणबिंदू उतरतो, पण पत्रा गंजतो आणि नोझल क्षारांनी बुजतं. भांड्याचा साबण? फेस येतो, गोठणबिंदूत नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. रेडिएटरचं कूलंट? अजिबात नको. काचेवर तेलकट थर बसतो आणि समोरचे दिवे आणखी फाकतात. शिवाय त्यातलं एथिलीन ग्लायकॉल गोड असतं आणि विषारी. सांडलेलं कुत्र्या-मांजरांनी चाटलं तर जीव जातो.

आणि आता मिथेनॉलबद्दल थोडं गंभीर बोलते. अमेरिका-कॅनडात दुकानात मिळणारं निळं वॉशर फ्लुइड बहुतेक वेळा मिथेनॉलचंच असतं. माझी मामेबहीण टोरांटोजवळ राहते, तिच्या गॅरेजमध्ये हिवाळाभर त्याचे कॅन असतात. निळं, सरबतासारखं दिसणारं. शरीरात मिथेनॉलचं आधी फॉर्मल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होतं, आणि ते डोळ्यांच्या मज्जातंतूवर घाला घालतं. थोडंसं पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते, जीवही जातो. आपल्याला हे सांगायला प्रयोगशाळा नको. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली, ती याच मिथेनॉलने. युरोपीय संघाने 2018 मध्ये नियम करून सामान्य ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या वॉशर फ्लुइडमध्ये 0.6 टक्के किंवा त्याहून जास्त मिथेनॉलला बंदी घातली. म्हणून माझी विनंती: स्वस्त मिळालं म्हणून सुटं मिथेनॉल आणून घरी मिश्रण करू नका. परदेशात राहत असाल तर कॅन मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा, आणि ते फ्लुइड रिकाम्या पाण्याच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका. कोणाच्या पोटात गेलंच, तर लक्षणांची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा. सुरुवातीचे काही तास माणूस ठीक वाटू शकतो, आणि उपचारांसाठी तेच तास मोलाचे असतात.

आपल्यासाठी उपाय सोपा आहे. वॉशरसाठीचं तयार द्रावण आणा, शक्यतो मिथेनॉल नसलेलं, आणि ते किती अंशांपर्यंत चालतं हे लेबलवर वाचा. आपल्याकडे मिळणाऱ्या कित्येक बाटल्या फक्त काच स्वच्छ करण्यासाठी असतात, त्यांचा गोठण्याशी संबंध नसतो. महाबळेश्वर-नाशिकसाठी उणे 5 ते 10 चं पुरतं. हिवाळ्यात हिमाचल किंवा लडाखला जाणार असाल तर उणे 20 किंवा त्याहून खालचं घ्या. भरल्यावर दांडी ओढून अर्धा मिनिट पाणी मारा. नाहीतर टाकीत नवं द्रावण आणि नोझलमध्ये जुनंच पाणी, अशी गंमत होते. आणि अल्कोहोलचं द्रावणसुद्धा काच गरम झाल्यावरच मारा. थंड काचेवर अल्कोहोल आधी उडून जातं, मागे पाणी उरतं, आणि ते गोठतं.

"पण आम्ही कुठेच थंडीत जात नाही," असं म्हणणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. इंग्लंड आणि वेल्समधल्या रुग्णांचा एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. लीजिओनेअर्स नावाचा एक गंभीर न्यूमोनिया होतो. टाकीत नुसतं पाणी भरणाऱ्यांमध्ये त्याचा धोका जास्त दिसला. लीजिओनेला जिवाणूला साचलेलं कोमट पाणी आवडतं, आणि वॉशर ते पाणी बारीक तुषार करून उडवतो. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीची टाकी आठवा. साधं पाणी टाळायला एवढं कारण पुरे आहे.

निघायच्या आदल्या रात्री

आता हे सगळं एकत्र करून, मी पुढच्या वेळी काय करणार ते सांगते.

गाडी झाडाखाली, शेडखाली किंवा भिंतीला लागून उभी करायची. ते जमलं नाही तर बॉनेटवर आणि काचेवर जुनी चादर किंवा गोधडी टाकायची. आकाशाकडे मग गाडीऐवजी गोधडी उष्णता फेकते, आणि पत्रा हवेच्या तापमानाजवळ राहतो. एका जुन्या गोधडीने चार-पाच अंशांचा फरक पडू शकतो, खर्च शून्य. निफाडकडे पारा उतरला की द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या करून धूर धरतात आणि बागेला पाणी देतात. त्यांचीही लढाई हीच आहे, फक्त त्यांचं वर्षाचं पीक पणाला लागलेलं असतं.

सकाळी निघायच्या आधी, गाडी उभी असतानाच, दांडी एकदा ओढून बघायची. पाणी आलं नाही तर निघायचं नाही. इंजिन चालू, हीटर मंद, कोमट फडकं नोझलवर, दहा-पंधरा मिनिटं. (बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडचा वासही येत नाही.) आणि दाराच्या कप्प्यात वॉशरच्या द्रावणाची एक छोटी बाटली आणि सुती फडकं ठेवायचं. सगळं बंद पडलं तरी थांबून हाताने काच पुसता येते.

शेवटी एक घरगुती प्रयोग. येत्या हिवाळ्यात एखाद्या निरभ्र रात्री गच्चीवर स्टीलची दोन ताटं पालथी ठेवा. एक उघडं. दुसऱ्यावर हातभर उंचीवर, चार विटांवर, पुठ्ठा आडवा ठेवा. पहाटे दोन्हींना हात लावून बघा. खारघर-नेरूळला हिमकण काही पडणार नाहीत, पण दमट हवेमुळे उघडं ताट दवाने भिजलेलं मिळेल आणि झाकलेलं बहुतेक कोरडं. दोघांभोवतीची हवा तीच. फरक फक्त आकाश दिसण्याचा.

बाबांना हा प्रयोग मी मागच्याच आठवड्यात करून दाखवला. त्यांनी दोन्ही ताटांवरून बोट फिरवलं, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे त्या दुधवाल्याच्या पाठीवरही हेच आकाश होतं." मग खाली जाऊन त्यांनी गाडीच्या डिकीत जुनी गोधडी ठेवली.